ट्रॅक डेला नवख्यांच्या गटातून मधल्या गटात केव्हा जावे?

नवख्यांच्या गटात दोन ट्रॅक डे (आपापली मोटरसायकल रेसिंगच्या ट्रॅकवर चालवण्याचे दिवस) झाले, लॅप टाइम (एका फेरीला लागणारा वेळ) बराच उतरला आणि गगनबावड्याचा घाट तर वर्षानुवर्षे पायाखालचा आहे, तेव्हा पुढच्या अर्जात मधला गट लिहावा का, असे आपण विचारले आहे. आमच्या घरात या विषयावर ताटावर बसून भांडणे झाली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत असे की गट लॅप टाइमवर ठरवू नये आणि घाटाच्या अनुभवावर तर मुळीच ठरवू नये. मागून येणाऱ्याला तुमच्या गाडीचा अंदाज बांधता येतो का, एवढेच पाहावे.

आमचे दाजी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कारखाना चालवतात. त्यांच्याकडे हजार सीसीची गाडी आहे आणि गगनबावड्याहून उतरणाऱ्या करूळ घाटात त्यांना गाठणारा आमच्यात कोणी नाही. गाड्या पिकअपमध्ये चढवून आम्ही नऊशेहून अधिक किलोमीटर दूर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो, तेव्हा मी माझी ३९०, म्हणजे त्यांच्यापेक्षा बरीच छोटी मोटरसायकल, घेऊन नवख्यांत नाव घातले. ‘घाट कोळून प्यालेल्या माणसाने पोराटोरांत बसायचे का?’ असे म्हणून दाजींनी मधला गट लिहिला.

त्यांचे सेशन मी पिटच्या भिंतीपाशी उभा राहून पाहिले. सरळ रस्त्यावर दाजी दोन-तीन गाड्या सहज मागे टाकत, पण एका लॅपला ब्रेकच्या पाटीच्या (वळण किती दूर आहे हे दाखवणाऱ्या फलकाच्या) कितीतरी आधी पुढचे सस्पेन्शन दबे, तर पुढच्या लॅपला पाटी ओलांडल्यावर. वळणात त्यांचा वेग इतका पडे की मागच्या छोट्या गाडीवाल्याला थ्रॉटल सोडून गाडी सरळ करावी लागे. त्या दिवशी मधल्या गटात वळणावर फक्त बाहेरून ओलांडण्याची मुभा होती आणि दाजींची गाडी दर वेळी नेमकी बाहेर सरकत होती. अखेर प्रशिक्षक त्यांच्या पुढे गेले, ‘माझ्या मागे या’ म्हणून स्वतःच्या गाडीच्या शेपटीवर हात थोपटला, दोन लॅप त्यांना लाइन (वळणातून गाडी न्यायचा मार्ग) दाखवली आणि सेशन संपताच त्यांना नवख्यांत पाठवले. छोट्या गाडीवाल्यांना मोठी गाडी सहन होत नाही, हे दाजींचे म्हणणे आजही कायम आहे.

मला ते अजिबात मान्य नाही. घाटात समोरून एस.टी. येईल, वळणापलीकडे खडी असेल, म्हणून आपण आपल्या अर्ध्याच रस्त्यावर राहतो, ब्रेक वळणाआधीच सोडतो आणि पुढचे दिसेल तेवढेच आत शिरतो. घाटात हेच शहाणपण आहे. ट्रॅकवर मात्र पूर्ण रुंदी वापरायची असते आणि ब्रेक हळूहळू सोडत एपेक्सपर्यंत, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपर्यंत, न्यायचा असतो. शिवाय मोठ्या गाडीला हिशेबही निराळा लागतो: ताशी २०० वरून थांबायला लागणारे अंतर १५० च्या तुलनेत जवळजवळ पावणेदोन पट असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर कमावलेला वेग वळणाच्या तोंडाशी अंगावर येतो. अशा वेळी ब्रेकची खूण पक्की नसेल, तर मागच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून लॅप टाइमची वही बाजूला ठेवा. सलग चार-पाच लॅप त्याच खुणेला ब्रेक, तोच एपेक्स आणि तीच बाहेर पडण्याची जागा साधते का, आणि कोणी ओलांडले तरी तुमची लाइन ढळत नाही ना, हे पाहा. निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येत असल्याची खूण) दिसला की मागे वळून पाहण्याची सवय असेल, तर ती आधी मोडा. आणि निर्णय प्रशिक्षकावर सोडा. खासबागेच्या मैदानात कोणता मल्ल केव्हा उतरवायचा हे वस्तादच ठरवतो. मला मधल्या गटात जायला प्रशिक्षकांनी आपणहून सांगितले होते आणि याचा मला आजही अभिमान आहे.

एक मात्र खरे की संपूर्ण सेशनभर तुम्ही सगळ्यांना ओलांडतच असाल, तर नवख्यांत राहणेही धोक्याचे आहे. वेगातली तफावत दोन्ही बाजूंनी घातक ठरते. काही आयोजक गट इंजिनच्या क्षमतेवर पाडतात आणि ओलांडण्याचे नियमही सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा. आपल्याला ट्रॅकचा किती अनुभव आहे हे ते विचारतीलच. त्यात गगनबावडा धरू नका, आमच्या दाजींनी तो धरला होता.