चावी काढली म्हणजे वीज गेली का?

प्रश्न : आमच्या गोदामात ४८ व्होल्टच्या जुन्या फोर्कलिफ्टांच्या जोडीला आता तीनशेहून अधिक व्होल्टची, लिथियम बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट आली आहे. जुन्या गाड्यांचे काम करताना आमचे मेकॅनिक चावी काढतात, बॅटरीचा प्लग ओढतात आणि टेस्टर लावून खात्री करून घेतात. नव्या गाडीला एवढे पुरेल का? (एक वाचक, चाकण)

उत्तर : पुरणार नाही, आणि टेस्टरवरचा भरवसा तर आजच सोडावा. घरच्या विजेचे एक टोक जमिनीशी जोडलेले असते, म्हणून टेस्टरमधला दिवा आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या किंचित प्रवाहावर पेटतो. फोर्कलिफ्टची उच्च दाबाची (व्होल्टेजची) बॅटरी मात्र सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेली असते. त्यामुळे टोकाला पूर्ण दाब असतानाही दिवा पेटेलच असे नाही, आणि त्याच भरवशावर दोन हात दोन टोकांना लागले तर प्रवाह थेट छातीतून जातो.

गाडी सपाट जागी उभी करून, फोर्क जमिनीला टेकवून आणि चावी काढून झाल्यावर उत्पादकाने दिलेला सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीचा गाडीशी असलेला जोड तोडणारा प्लग) काढावा, तिथे कुलूप व सूचनेची पाटी लावावी, आणि कुलपाची किल्ली जो काम करणार आहे त्याच्याच खिशात असावी, सुपरवायझरच्या टेबलावर नव्हे. यानंतरही कंट्रोलरमधल्या (मोटारीची वीज नियंत्रित करणाऱ्या पेटीतल्या) कपॅसिटरांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, दाब शिल्लक असतो. तो उतरायला लागणारा वेळ पुस्तिकेत दिलेला असतो आणि तेवढे थांबावेच लागते; स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून कपॅसिटर ‘उतरवण्याची’ सवय काही जुन्या हातांना असते, ती इथे जिवावर बेतेल.

मग १००० व्होल्टसाठी प्रमाणित मल्टिमीटर डीसीवर ठेवून आधी चालू असल्याची खात्री असलेल्या एखाद्या बॅटरीवर तपासावा, नंतर गाडीची दोन्ही टोके एकमेकांत आणि प्रत्येक टोक सांगाड्याशी मोजावे, आणि शेवटी मीटर पुन्हा त्याच बॅटरीवर लावून पाहावा. हे शेवटचे पाऊल सर्रास गाळले जाते. पण मधल्या वेळात मीटरची वायर तुटली असेल, तर पडद्यावरचे शून्य खोटे असते. मोजतानाही ‘क्लास ०’ चे रबरी हातमोजे घालावेत (त्यांची मर्यादा १००० व्होल्ट एसी, १५०० व्होल्ट डीसी). घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडावी. कुठे हवा सुटली तर तो हातमोजा बाद. सोबत दुसरा माणूस असावा. इतके केल्यावरही बॅटरीच्या पेटीच्या आत दाब असतोच, म्हणून उच्च दाबाच्या नारिंगी केबलींचे काम असो वा पेटी उघडणे असो, ते उत्पादकाने प्रशिक्षण दिलेल्या माणसानेच करावे.

जुन्या गाड्यांचा झटका सौम्य म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. त्यांच्या शिसे-आम्ल (लेड-ॲसिड) बॅटरीतल्या दोन-दोन व्होल्टच्या २४ सेलांवर पाना आडवा पडला, तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहून पाना लाल होतो. अंगठी, घड्याळ, कडे आधी उतरवावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीवर पेट घेतो. तेव्हा आधी चार्जर बंद करावा, मगच प्लग ओढावा.

प्रश्न : चार्जिंगला लावण्यापूर्वी आम्ही बॅटरीत पाणी भरतो, तरी आम्ल उतू जाते. असे का? (एक वाचक, वाळूज)

उत्तर : ‘तरी’ नव्हे, त्यामुळेच. चार्जिंगमध्ये आम्लाची पातळी वर चढते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे; आधीच प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या, तर त्या जेमतेम बुडतील एवढेच घालून चार्जिंग करावे. पातळी घटली म्हणून आम्ल मात्र घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. सांडलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करून पेटीचा वरचा भाग पुसून कोरडा ठेवावा. ओलसर राहिला तर सांगाड्याकडे वीज झिरपू लागते.