जुन्या काँटेसा 1.8 चं इंजिन आणि मागचा एक्सल: आधी काय उघडावं?

तुम्ही विचारलंय, बेळगावात काँटेसाचं (हिंदुस्तान मोटर्सची जुनी कार) इसुझू इंजिन ताकद वाढवून बांधायचंय, मागचा एक्सलही (मागची चाकं फिरवणारा भाग) घूं घूं करतोय, तर सुरुवात कुठून? माझं मत स्पष्ट आहे: आधी एक्सल.

इंजिनाचं काम इथं अवघड नाही. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बोअरिंग (सिलिंडर मोठं कापणं), होनिंग (ते आतून घासून नीट करणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासणं) करणारे हात कसलेले आहेत. फक्त नवे पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बोअर करू देऊ नका. माप पिस्टनवरून ठरतं. हेड (ब्लॉकवरचं झाकण) सपाट करताना गरजेपेक्षा जास्त कापू नका, नाहीतर कॉम्प्रेशन (आतला दाब) वाढून इंजिन नॉक करतं, म्हणजे ठोकल्यासारखं वाजतं.

एक्सलचं मात्र तसं नाही. एक्सलच्या आतले दोन गिअर, मोठा क्राऊन आणि छोटा पिनियन, जोडीनं घासून बसवलेले असतात, म्हणून एकच बदलायचा नाही. माझ्या गाडीत एका मिस्त्रीनं जुन्या क्राऊनवर नवा पिनियन बसवला आणि चोर्ला घाट उतरताना आवाज मूळच्यापेक्षा वाढला. पुन्हा सगळं उघडावं लागलं. दातांना निळा रंग लावून ठसा कुठं पडतो ते स्वतः बघा. तो दाताच्या मधोमध हवा. टोकाकडं सरकला तर शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलायला लावा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजनं मोजायचा, हातानं हलवून अंदाज नको.

एक्सलचा रेशो (क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) बदलणार असाल तर ठरवा: आंबोलीचा चढ की कोल्हापूरचा हायवे? आकडा मोठा तर चढाला जोर, पण हायवेला इंजिन ओरडतं.

आणि ब्रेक. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी तेही नीट करून घ्या.