बन नसलेला बर्गर बाऊल, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी
अगं, या बाऊलचा सॉस कसा करायचा ते नंतर सांगते, आधी लेट्यूस बघ, बनऐवजी त्याचीच पानं असतात. मंडईत कोबीसारखा घट्ट गड्डा असलेला आइसबर्ग लेट्यूस मिळाला तर तोच घे, धुवून कपड्यात गुंडाळून अगदी कोरडा कर नाहीतर सगळा बाऊल पाणचट होतो. चिकन खिमा अर्धा किलो चौघांना पुरतो, लोखंडी तवा कडक तापव, खिमा पसर आणि दोन-तीन मिनिटं हलवूच नकोस, खालून तांबूस झाला की मगच मोडायचा, बर्गरची खरी चव त्या खरपूसपणातच आहे बघ. आतून गुलाबी मात्र अजिबात नको. सॉससाठी मेयो, केचप, थोडा मस्टर्ड आणि व्हिनेगरमधली काकडी बारीक चिरून कालव. कांदा, टोमॅटो, चीज आहेच. खिमा जरा कोमट झाल्यावर लेट्यूसच्या पानांवर घाल, आणि सॉस बाऊल वाढल्यावरच.