औषध नको असेल तर कामाला लागावं लागेल

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. वाढदिवस सप्टेंबरअखेरचा, त्यामुळे वर्गात सगळ्यांत लहान. एका जागी बूड टेकत नाही, शिक्षिका बोलत असताना मध्येच उत्तर देतो, डबा-जॅकेट-वही रोज कुठेतरी विसरतो. घरी होमवर्क म्हणजे दीड तासाची रडारड. शिक्षिकेने डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय. यांना औषध मुळीच नको आहे. सासूबाई म्हणतात, ‘हाही लहानपणी असाच वांड होता, तुम्ही उगाच बाऊ करता.’ औषधाशिवाय काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि बरंच करता येईल. मात्र औषध नको म्हटलं की रोजचं काम तुमच्या दोघांवर आणि शाळेवर येतं. औषधही नाही आणि बाकीही काही नाही, नुसतं ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणत दोन वर्षं काढली, तर दोन वर्षं त्या पोराने फक्त ओरडा खाल्लेला असतो. मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटते.

आधी डॉक्टरांकडे जाच. तपासणी करून घेतली म्हणजे औषध सुरू केलं असं होत नाही. अमेरिकेत पेडिअॅट्रिशियन साधारणपणे वँडरबिल्ट नावाचे, मुलाच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारणारे फॉर्म देतात, एक आई-वडिलांसाठी, एक शिक्षकांसाठी. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार, म्हणायला लक्षणं सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आतली आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. त्याच भेटीत ऐकू नीट येतं का, दिसतं का, लोह कमी आहे का, हेही विचारा. रात्री घोरत असेल तर आवर्जून सांगा. झोप मोडणारं मूल दिवसा पेंगतंच असं नाही, कित्येकदा उलट जास्त उधळतं.

वर्गात सगळ्यांत लहान आहे, ही बाब डॉक्टरांना आणि शिक्षिकेला मुद्दाम सांगा. शाळाप्रवेशाचं वय १ सप्टेंबरपर्यंत पूर्ण हवं अशी अट असलेल्या अमेरिकी राज्यांतला (तुमच्या शाळेची तारीख त्याच्या नंतरची असणार) एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळा झालं होतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत असंच आहे असं मी म्हणत नाही. पण वर्गातल्या जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशी तुलना होत असेल, तर ती कोणाशी होते आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

सासूबाईंचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत एडीएचडीमध्ये अनुवंशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वर निघाला आहे. तेव्हा ‘हाही असाच होता’ हे वाक्य डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. आणि यांना एकदा निवांत विचारा, शाळेत तेव्हा कसं वाटायचं. ते इंजिनिअर झाले असतील किंवा आणखी काही, पण त्या वाटेवर किती मार आणि किती टोमणे पडले, हे बापाने आठवून सांगितलं तर घरातला सूर बदलतो.

आता घर. या मुलांना काय करायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं, पण करायच्या क्षणी ते हातून निसटतं. म्हणून रात्री दिलेलं लेक्चर सकाळी उपयोगी पडत नाही. सकाळचे साडेसात घ्या. तुम्ही ओट्यापाशी डबा भरताय आणि तिथूनच ओरडताय, ‘अरे दात घास, मोजे घाल, बॅग घे, बस येईल!’ त्यातलं एकही त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही, तो एक मोजा हातात घेऊन जमिनीवर गाडी फिरवतोय. गॅस बंद करा, त्याच्याजवळ जा, त्याच्या उंचीला वाका, खांद्यावर हात ठेवा आणि एकच सांगा : ‘मोजे घाल.’ घालेपर्यंत थांबा. घातल्यावर लगेच म्हणा, ‘एकदा सांगितल्यावर घातलेस, छान.’ मग बूट. दारामागे चार चित्रं लावा, मोजे, बूट, बॅग, जॅकेट, आणि पुढचं काय ते भिंतीला विचारायला शिकवा. दोन-तीन आठवडे हे फार कंटाळवाणं वाटेल. पण एका वेळी एकच सूचना, लगेच शाबासकी आणि किरकोळ चाळ्यांकडे काणाडोळा, या तीन गोष्टी पालकांच्या वागणूक-प्रशिक्षणाचा गाभा आहेत. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी हे प्रशिक्षण पहिला उपाय आहे, सहा वर्षांपुढे औषधाच्या जोडीने. शिकायचं आई-वडिलांनी असतं, म्हणून दोघांनी जा. तुमच्या भागात असे वर्ग कुठे आहेत, ते डॉक्टरांना विचारा.

बक्षीस छोटं आणि त्याच दिवशीचं ठेवा. ‘वर्षभर नीट वागलास तर सायकल’ हे सात वर्षांच्या मुलाला, त्यातून अशा मुलाला, परलोकाइतकं लांबचं आहे. संध्याकाळी वीस मिनिटं बाबांबरोबर कॅरम, हे पुरतं. मिळवलेलं बक्षीस रागाच्या भरात काढून घेऊ नका.

होमवर्कआधी अर्धा तास बाहेर पळू द्या. मग दहा मिनिटं काम, समोर टायमर, पाच मिनिटं मोकळीक. उभं राहून लिहितो? लिहू दे. खेळ निवडताना ज्यात सारखं हलायला मिळतं असा निवडा, पोहणं, सायकल, मार्शल आर्ट. बेसबॉलमध्ये मैदानाच्या टोकाला चेंडूची वाट बघत उभं राहणं त्याला जड जाईल. आणि झोप : या वयाला रात्री ९ ते १२ तास. भारतातल्या आजीशी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल होत असेल तर तो शनिवारी सकाळी न्या.

खाण्याबद्दल थोडंच. साखरेने मुलं चेकाळतात हे अभ्यासांत टिकलेलं नाही. काही कृत्रिम रंगांचा थोडा परिणाम काही मुलांवर दिसला आहे, म्हणूनच युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटांवर तशी सूचना छापावी लागते. रंगीत कँडी आणि पेयं कमी करा, बस. गावाहून कोणी बुद्धिवर्धक काढा किंवा भस्म पाठवलं तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. हा अहवाल २००४ चा आहे. शिशाने लहान मुलांची एकाग्रता बिघडते, हे तर पक्कं ठाऊक आहे.

शाळेशी तोंडी बोलून थांबू नका. मूल्यमापनाची मागणी ईमेलने, तारीख घालून, लेखी करा. ते मोफत असतं. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत ‘५०४ प्लॅन’, म्हणजे वर्गात द्यायच्या सवलतींचा लेखी आराखडा, मिळू शकतो, त्याची मुळं १९७३ च्या कायद्यात आहेत. जास्त मदत लागली तर आयईपी, म्हणजे त्या मुलापुरती आखलेली विशेष शिक्षणाची योजना. मागा काय? शिक्षिकेजवळची जागा, मध्येच उठून कागद वाटायचं काम, मोठी कामं तुकड्यांत, आणि रोज घरी येणारं एक छोटं कार्ड, ज्यावर दोन-तीनच गोष्टींची खूण असेल. त्या खुणांवरच घरचं बक्षीस ठरवा. शिक्षा म्हणून रिसेस बंद करू नये, हेही लिहून घ्या. औषध सुरू केल्याशिवाय शाळेत घेणार नाही किंवा तपासणार नाही, अशी अट २००४ च्या फेडरल कायद्यानुसार सरकारी शाळा घालू शकत नाही. हे यांना जरूर वाचून दाखवा, त्यांची निम्मी भीती त्याने जाईल. ब्रिटनमधल्या वाचकांनी यासाठी शाळेच्या सेन्कोला, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांचं बघणाऱ्या शिक्षकांना, गाठावं.

कोणी ‘घरी इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळतो’ म्हणालं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे एडीएचडी होत नाही. मराठी चालू ठेवा. रविवारच्या मराठी शाळेतल्या ताईंना मात्र आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथेही त्याच्या नावाचा पुकारा होणार नाही.

राहिला औषधाचा प्रश्न. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. चंचलपणा आणि लक्ष या मूळ लक्षणांवर, नीट देखरेखीखालच्या औषधाचा परिणाम नुसत्या वागणूक-उपचारापेक्षा जास्त दिसला. हे तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. ब्रिटनची पद्धतही पाच वर्षांपुढे आधी भोवतालचं बदला, तरी फार अडत असेल तर औषधाचा विचार करा, अशी आहे. तेव्हा यांना ‘कधीच नाही’ असं म्हणायला लावू नका. वर सांगितलेलं सगळं तीन महिने मनापासून करा, मग तेच वँडरबिल्ट फॉर्म तुम्ही आणि शिक्षिकेने पुन्हा भरा. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून, तिघांनी, म्हणजे तुम्ही, हे आणि डॉक्टर, पुढचं ठरवा. त्या भेटीची तारीख आजच घेऊन ठेवा.