सही तिची होती, पण कशावर?

शॅरन स्टोनने 'बेसिक इन्स्टिंक्ट'मधल्या त्या चौकशीच्या दृश्याबद्दल इतक्या वर्षांनी तक्रार करावी, हे तुम्हाला खटकलंय. करारावर सही तिचीच होती, मानधन घेतलं, त्याच चित्रपटाने ती जगभर पोचली, मग आता पस्तावा कसला, असं तुम्ही विचारता. त्याला जोडून दुसरा प्रश्न असा की, हे कळल्यावर आपण चाहत्यांनी तो चित्रपट बघायचा की नाही?

सहीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

चित्रपट १९९२ चा. स्टोनचं आत्मचरित्र २०२१ मध्ये आलं आणि त्यात तिने हा प्रसंग लिहिला आहे. चित्रीकरणाच्या वेळी तिला सांगितलं गेलं की आतल्या पांढऱ्या कपड्यावरून प्रकाश परावर्तित होतोय, तेवढा काढून दे, पडद्यावर काही दिसणार नाही. दिसलं ते तिने पहिल्यांदा पाहिलं एका खोलीत, एजंट आणि वकील यांच्या गर्दीत बसून. त्यातल्या बहुतेकांचा चित्रपटाशी संबंधही नव्हता. तिथून ती उठून प्रोजेक्शन बूथमध्ये गेली, दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हनच्या थोबाडीत ठेवून दिली आणि गाडीत जाऊन वकिलाला फोन लावला. व्हरहोव्हनला हे मान्य नाही. काय चित्रित होतंय याची तिला पूर्ण कल्पना होती, असं तो म्हणतो. सेटवर त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं हे आपल्याला इथे बसून ठरवता येणार नाही.

पण तिने पुढे काय लिहिलंय ते लोक वाचतच नाहीत. प्रदर्शन अडवता येईल, असं वकिलाने तिला सांगितलं होतं. तिने विचार केला आणि दृश्य ठेवू दिलं, कारण चित्रपटाला आणि त्या पात्राला ते शोभणारं होतं, असं तिचंच मत पडलं. म्हणजे हे दृश्य नको होतं, अशी तिची तक्रारच नाही. आपल्याला न विचारता ते आपल्याकडून काढून घेतलं, ही तिची तक्रार आहे. या दोन गोष्टी आपण चाहते एकाच पोत्यात भरतो आणि मग म्हणतो, हिला आता सुचलंय. त्या दृश्याची किंमत तिने पडद्याबाहेरही मोजली. मुलाच्या ताब्याचा खटला चालू असताना, तुझी आई असले चित्रपट करते हे तुला माहीत आहे का, असं न्यायाधीशांनी आपल्या लहान मुलाला विचारल्याचं तिने २०२३ मध्ये सांगितलं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही. आमच्या छोट्या फिल्म सोसायटीत प्रत्येक चित्रपटाआधी एक पानी टिपण वाटायचो. 'लास्ट टँगो इन पॅरिस'चं टिपण मी लिहिलं होतं. त्यातल्या बलात्काराच्या दृश्यात नायिका मारिया श्नायडरच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मी लिहिलं होतं की, हे अश्रू म्हणजे अभिनयाची परिसीमा आहे. ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

२००७ मध्ये तिची मुलाखत आली. ते अश्रू खरे होते, असं तिने सांगितलं. चित्रीकरणाच्या वेळी ती १९ वर्षांची होती, समोर पन्नाशीकडे झुकलेला मार्लन ब्रँडो, कॅमेऱ्यामागे दिग्दर्शक बर्तोलुच्ची. दृश्यात लोणी वापरायचं ही गोष्ट पटकथेत नव्हती, अगदी आयत्या वेळी तिच्या कानावर घातली गेली. पटकथेत नसलेलं कोणी आपल्याकडून करून घेऊ शकत नाही, एजंटला किंवा वकिलाला बोलवायला हवं होतं, पण तेव्हा आपल्याला हे ठाऊकच नव्हतं, असं ती म्हणाली. अपमान वाटला, थोडासा बलात्कार झाल्यासारखं वाटलं, हेही म्हणाली. दृश्य संपल्यावर ब्रँडोने ना धीर दिला ना माफी मागितली. त्यानंतर तिने नग्न दृश्यं नाकारायला सुरुवात केली. २०११ मध्ये ती गेली.

ती गेल्यावर दोन वर्षांनी बर्तोलुच्चीने एका जाहीर मुलाखतीत कबूल केलं की, तो तपशील तिला मुद्दाम सांगितला नव्हता, कारण त्याला अभिनेत्रीची नव्हे, एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती. आपल्याला अपराधी वाटतं, पण पश्चात्ताप होत नाही, असंही तो म्हणाला. २०१६ मध्ये त्यावरून गदारोळ झाला तेव्हा त्याने खुलासा केला की, दृश्यातली हिंसा पटकथेत होती आणि ती तिला माहीत होती, फक्त तो एक तपशील नवा होता. हा खुलासा मी धरून चालतो. संभोग अभिनयाचाच होता, हे श्नायडरनेही सांगितलं आहे. तरीही 'अभिनेत्रीची नव्हे, मुलीची' हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. ती तिथे अभिनेत्री म्हणून आली होती. खोटं रडून खरं वाटायला लावणं हेच तिचं काम, त्याचेच तिला पैसे मिळणार होते. ते काम तिला करूच दिलं नाही. अभिनयाच्या आड उभं राहण्याची जी जागा प्रत्येक नटाला असते, जिथून 'हे पात्र रडतंय, मी नाही' असं म्हणता येतं, ती तिच्यापासून काढून घेतली. आणि मी त्यालाच अभिनयाची परिसीमा म्हणून मोकळा झालो.

आपल्या गप्पांमध्ये असे किस्से किती कौतुकाने सांगितले जातात, आठवून बघा. दिग्दर्शकाने नटीला काहीच सांगितलं नाही, म्हणून तिचा चेहरा इतका खरा आला! हा किस्सा ज्याच्यावर बेतलाय त्या माणसाच्या बाजूने आपण तो कधी ऐकतच नाही. त्या चित्रपटावर इटलीत अश्लीलतेचा खटला चालला, १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. एवढ्या सगळ्या वादात प्रश्न प्रेक्षकांच्या नीतीचा होता. त्या मुलीला विचारलं होतं का, हा प्रश्न कोणाच्या गावी नव्हता.

तुमचा सगळ्यात अवघड मुद्दा ऑलिव्हिया हसीचा आहे. झेफिरेल्लीचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' १९६८ चा, चित्रीकरणाच्या वेळी ज्युलिएट झालेली ती १५ वर्षांची, रोमिओ झालेला लेनर्ड व्हाइटिंग १६ चा. २०१८ मध्ये तिने त्यातल्या नग्न दृश्याची बाजू घेतली होती, ते सुरुचीने केलेलं आणि चित्रपटाला आवश्यक होतं असं म्हणाली होती. २०२२ च्या डिसेंबरात दोघांनी पॅरामाउंट या चित्रपट कंपनीवर ५० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. अंगावर त्वचेच्या रंगाचे कपडे असतील असं कबूल करून आयत्या दिवशी दिग्दर्शकाने शब्द फिरवला, असं त्यात म्हटलं होतं. मे २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दावा फेटाळला. तो निकाल मला पटतो. त्या चित्रपटाला बालअश्लीलता म्हणणं मला जमणार नाही. पण 'आधी एक बोलली, मग दुसरं, म्हणजे पैशासाठी' हे तुमचं अनुमान मला पटत नाही. जी गोष्ट आयुष्यभर लोकांनी सुंदर म्हणून सांगितली, तिच्याबद्दल माणूस स्वतःही तसंच बोलायला शिकतो. पंधरा वर्षांच्या मुलीला नकार देता आला असता का, हा प्रश्न तिच्या मनात सत्तरीत उभा राहिला असेल तर तो खोटा ठरत नाही. २०२४ च्या डिसेंबरात ती वारली.

अभिमान आणि अपमान एकाच चित्रपटाबद्दल वाटू शकतो, हेही लक्षात घ्या. २०१३ मध्ये कान महोत्सवात 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ला पाम दोर हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा परीक्षकांनी दिग्दर्शकासोबत दोन्ही नायिकांनाही त्यात सामील करून घेतलं. त्याच वर्षी त्या दोघींनी सांगितलं की एकच दृश्य दहा दिवस चित्रित होत होतं आणि या दिग्दर्शकाबरोबर आपण पुन्हा काम करणार नाही.

आता सहीकडे परत येऊ. हॉलिवूडमध्ये नग्न दृश्यासाठी वेगळी लेखी संमती लागते, मूळ कराराला जोडलेली. तिला न्यूडिटी रायडर म्हणतात. नीट लिहिलेल्या रायडरमध्ये शरीराचा कोणता भाग दिसेल, अंगावर झाकायला काय असेल, सेटवर कोण थांबेल, बॉडी डबल चालेल का, या दृश्याचे तुकडे ट्रेलरला किंवा पोस्टरला वापरता येतील का, इतकं सगळं असतं. नुसत्या चित्रपटाच्या करारावरची सही म्हणजे या सगळ्याला होकार नव्हे. २०१८ मध्ये एचबीओ या वाहिनीने 'द ड्यूस' या मालिकेपासून जवळिकीच्या दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमायला सुरुवात केली, तेही एमिली मीड या अभिनेत्रीने मागणी केल्यावर. मारामारीच्या दृश्याला जसा फाइट मास्टर हात-पाय कुठे पडतील ते आधी बसवून घेतो, तसंच हे काम आहे. २०२० मध्ये तिथल्या कलाकार संघटनेने त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सगळ्यांना ते हवंच असतं असंही नाही. 'अनोरा' चित्रपटाच्या वेळी नायिका मायकी मॅडिसनला ही मदत देऊ केली होती आणि तिने नको म्हणून सांगितलं. तिला विचारलं गेलं, तिने ठरवलं, विषय संपला.

हा सगळा मामला चित्रीकरणापर्यंतचा झाला. त्यानंतरचा भाग मात्र आपल्या हातात असतो, आणि तिथे आपण फारसे शहाणे वागलेलो नाही. 'चक्र'चं उदाहरण घ्या. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा चित्रपट, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीत उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बाईचं दृश्य त्यात आहे, कारण तिला आडोसाच नाही. पोस्टरवर मात्र तेवढंच उचलून लावलं गेलं. स्त्रियांची अर्धनग्न शरीरं दाखवून प्रेक्षकांना बोलावायचं, हे आपल्या प्रेक्षकांवर लादलं गेलंय, अशा अर्थाचं स्मिता एका मुलाखतीत म्हणाली होती. पडद्यावर जे दारिद्र्य होतं ते पोस्टरवर आमिष झालं.

राधिका आपटेची गोष्ट उलट्या बाजूची. 'पार्च्ड' चित्रपटातल्या नग्न दृश्याचा तिला पस्तावा नाही, पण ती क्लिप फुटली तेव्हा पत्रकाराने तिला वादाबद्दल विचारलं. वाद तुमच्यासारखे लोकच निर्माण करतात, तुम्हीच क्लिप बघितली आणि पुढे पाठवली, असं तिने तिथल्या तिथे सुनावलं. त्याआधी तिच्या नावावर काही नग्न छायाचित्रं पसरवली गेली होती, जी तिची नव्हतीच, तरी ती चार दिवस घराबाहेर पडू शकली नाही, कारण वॉचमनपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे तिला त्या छायाचित्रांवरून ओळखत होते. जिला पस्तावा नाही तिलाही आपण पस्तावा करायला बसवतो.

आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेची नायिका एमिलिया क्लार्कने २०१९ मध्ये सांगितलेलं मला सगळ्यात जास्त लागलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'नंतरच्या सेटवर ती चादर खाली घ्यायला नकार द्यायची, तेव्हा तिला ऐकवलं जायचं की, 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या चाहत्यांना नाराज करायचंय का? म्हणजे तिच्यावर दबाव आणायला आपलं नाव वापरलं जात होतं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की, चित्रपट बघा. पूर्ण बघा. तेवढाच तुकडा कापून पाठवू नका, आला तर पुढे ढकलू नका. 'टायटॅनिक'मधलं ते नग्न चित्र घेऊन चाहते सहीसाठी येतात आणि केट विन्स्लेट त्यावर सही करत नाही. तो तिचा नकार मुकाट मान्य करणं काही अवघड नाही. आणि दाखवणार असाल तर काय घडलं ते सांगून दाखवा. पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाने डिसेंबर २०२४ मध्ये 'लास्ट टँगो'चा खेळ ठेवला, स्त्री-संघटनांनी आक्षेप घेतला की श्नायडरबद्दल एक शब्दही न सांगता हा दाखवताय, आणि शेवटी खेळ रद्द झाला. मला रद्द होणं आवडलं नाही. आधी दहा मिनिटं बोलून दाखवला असता तर जास्त बरं झालं असतं.

आम्ही तो चित्रपट पुन्हा दाखवला तेव्हा सुरुवातीला तिची ती मुलाखत वाचून दाखवली. अर्ध्या लोकांना हे ठाऊकच नव्हतं, दोघे-तिघे उठून गेले, बाकीचे बसले. टिपणही बदललं. परिसीमेचं ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी आता एवढंच आहे: या दृश्याचा संपूर्ण तपशील अभिनेत्रीला आधी सांगितलेला नव्हता.