टेरियर घेऊन शेजारी येतोय : कोल्ह्यांच्या शिकारीबद्दल थोडं सविस्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बॅलराटच्या पलीकडे वीस एकर जागा, तीसेक मेंढ्या, या हिवाळ्यात (इथे तो जून ते ऑगस्ट) सहा कोकरं गेली. शेजारचे गृहस्थ म्हणतात, "माझे टेरियर (बिळात शिरणारे छोटे शिकारी कुत्रे) आणि दोन बंदूकवाले मित्र घेऊन येतो, एका रविवारात कोल्हे साफ करू." घरात मात्र यजमानांचं म्हणणं की कुत्र्यांकडून जनावर मारून घेणं बरं नव्हे, आणि बहुतेक बेकायदाही असेल. तर येऊ द्यावं का? खाली प्रतिसादांत एकांनी भारतातून कारवानी कुत्रा आणायचंही सुचवलंय.

मी हॅमिल्टनच्या बाजूला बरीच वर्षं मेंढ्यांच्या कामात आहे, टेरियरवाल्यांबरोबर हिंडलोही आहे. ताई, माझं मत विचाराल तर येऊ द्या. पण "एका रविवारात साफ" हे मनावर घेऊ नका, आणि ते यायच्या आधी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्या.

कायद्याचं आधी उरकतो. तांबडा कोल्हा इथे परका, उपद्रवी प्राणी आहे. व्हिक्टोरियात १९९४ च्या कायद्याप्रमाणे त्याचा बंदोबस्त करणं ही जमीनमालकाची जबाबदारी, म्हणजे तुमची. खासगी जमिनीवर कोल्हा मारायला वेगळं गेम लायसन (शिकारीचा परवाना) लागत नाही. मारणाऱ्याकडे बंदुकीचं लायसन आणि तुमची परवानगी एवढं हवं. परवानगी लेखी द्या, तारीख घालून. लायसन बघायला मागा, इथे त्याचा कुणाला राग येत नाही. तुमच्याकडे स्वतःचं लायसन नसेल तर बंदुकीला हात लावू नका, कुंपण ओलांडताना कुणी "जरा धरा" म्हणालं तरीही. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका बंदूकधाऱ्यानं केलेल्या हत्याकांडानंतर या बाबतीत इथे कुणी गंमत खपवून घेत नाही.

कुत्र्यांचं म्हणाल तर त्यांचं काम कोल्हा शोधण्याचं आणि बाहेर काढण्याचं. मरायचा तो गोळीनं, झटकन. कुत्रा आणि कोल्हा यांची झुंज लावून बघत उभं राहणं हा क्रूरतेचा गुन्हा आहे, आणि यजमानांचा आक्षेप त्या प्रकाराला असेल तर मी पूर्ण त्यांच्या बाजूनं आहे. शेजाऱ्यांना सरळ विचारा, "तुमचा कुत्रा कोल्ह्याला धरतो की भुंकतो?" "अहो, फाडून ठेवतो!" असं अभिमानानं उत्तर आलं, तर चहा पाजून वाटेला लावा. राज्याराज्यांत नियमांचे तपशील वेगळे आहेत, त्यामुळे न्यू साउथ वेल्समधल्या मित्राचा सल्ला तुमच्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं समजू नका. इंग्लंडमध्ये हाउंडांचा (वासावर धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांचा) ताफा घेऊन घोड्यावरून कोल्ह्यामागे जाणं २००४ च्या कायद्यानं बंद झालं. व्हिक्टोरियात तसले हंट क्लब अजून रीतसर चालतात.

आणि कोल्हा या देशात आला तोच त्या शौकापायी. १८५० च्या दशकात मेलबर्नमध्ये हंट क्लब निघाला तेव्हा इथे कोल्हे नव्हते, म्हणून साहेब लोक कांगारू आणि डिंगोमागे हाउंड सोडत. त्यात विलायतेची मजा येईना, मग बोटीनं कोल्हे आणले. पहिले १८५५ च्या सुमाराला सोडले म्हणतात. पण टिकले आणि वाढले ते १८७० च्या आसपास, वेरिबी आणि पॉइंट कुकच्या भागात, जिथे चर्नसाइड बंधूंच्या मेंढ्यांच्या अफाट जमिनी होत्या. त्याआधी १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिननं बारवन पार्कवर शिकारीसाठीच ससे सोडून ठेवले होते, त्यामुळे कोल्ह्यांना पान वाढून तयार मिळालं. वीसेक वर्षांत व्हिक्टोरियातले शेतकरी त्यांच्या नावानं बोटं मोडू लागले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हा पार पश्चिम ऑस्ट्रेलियात पोचला. आज उत्तरेचा उष्ण पट्टा आणि टास्मानिया सोडले तर तो जवळजवळ सगळीकडे आहे. बिल्बी, नंबॅट, बेटॉन्ग यांसारख्या छोट्या जनावरांचं जे झालं ते वेगळं लिहायला हवं.

आता तुमच्या सहा कोकरांकडे येतो. ती कोल्ह्यानंच मारली हे कशावरून? कोल्हा मेलेलं कोकरू खातोच, कावळेही डोळे आणि जीभ टोचतात. सकाळी आपल्याला फाटलेलं कोकरू दिसतं आणि आपण कोल्ह्याला शिव्या देतो. कोकरं दगावतात ती बहुतेक जन्मल्यापासूनच्या पहिल्या दोनतीन दिवसांत आणि बहुतेक थंडी, उपासमार, अडलेलं बाळंतपण किंवा आईनं टाकून देणं यांपायी. बॅलराटचा ऑगस्टमधला पाऊस आणि वारा तुम्हाला मी सांगायला नको.

पुढचं मेलेलं कोकरू सापडलं की पुरू नका. हातमोजे घाला, धारदार सुरी घ्या. आधी खूर बघा. जन्मताना खुरांच्या टोकांवर पिवळट, मऊ आवरण असतं, कोकरू चालायला लागलं की ते झिजून जातं. ते शाबूत असेल तर पिल्लू उभंच राहिलं नाही. मग पोट उघडून दूध आहे का ते पाहा. मूत्रपिंडाभोवतीची चरबी बघा. ती पांढरट, घट्ट असेल तर अंगात दम होता. लालसर होऊन लिबलिबीत झाली असेल तर पिल्लानं ती ऊब टिकवायला जाळून संपवली, म्हणजे ते उपाशी किंवा गारठून गेलं. शेवटी मानेवरच्या चाव्याभोवतीचं कातडं सोला. खाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसलाय. मांस स्वच्छ आणि फिकट असेल तर कोल्हा नंतर आला. दूध प्यालेलं, चालतं कोकरू आणि मानेखाली साकळलेलं रक्त असं दोनतीनदा दिसलं, तर कोल्हा खरा गुन्हेगार. नाहीतर कुत्रे आणण्याआधी आडोशाची झाडं लावा आणि जुळ्यांच्या आयांना चांगलं खायला घाला.

टेरियरचा खरा उपयोग वर्षातून थोडेच आठवडे असतो. एरवी कोल्हा बिळात फार राहत नाही. ब्लॅकबेरीच्या जाळीत, ब्रॅकन नावाच्या उंच नेच्यात, दगडांच्या आडोशाला उघड्यावरच झोपतो. कोल्हीण विते ऑगस्ट-सप्टेंबरात, साधारण चारपाच पिल्लं, आणि तेव्हा बीळ हमखास वापरात असतं. तोंडाशी ताजी उकरलेली माती, पिसं, सशाचे पाय, घोंघावणाऱ्या माशा आणि तो उग्र वास. एकदा नाकात बसला की मोटारीच्या उघड्या खिडकीतूनही ओळखू येतो.

शेजाऱ्यांचा कुत्रा कामाचा आहे का ते बघायची जुनी रीत सोपी आहे. खांद्यांच्या मागून त्याच्या छातीला दोन्ही हातांचा वेढा घालायचा. बोटं एकमेकांना सहज टेकली तर तो बिळात शिरून वळू शकतो. छातीनं रुंद, दिसायला देखणा कुत्रा आत अडकतो. जॅक रसेल, बॉर्डर, पॅटरडेल असे टेरियर इथे दिसतात. जॅक रसेल मूळचा इंग्लंडचा, पण जात म्हणून त्याला नीट घडवला तो ऑस्ट्रेलियात, आणि हे लोक ती गोष्ट अगत्यानं सांगतात.

प्रत्यक्ष काम फार शांततेत चालतं. बाकीचे कुत्रे यूटमध्ये (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत) बांधलेले, फोन बंद, बोलणं नाही. बंदूकवाले बिळाच्या मागे किंवा बाजूला, वारा त्यांच्याकडून बिळाकडे जाणार नाही अशा बेतानं उभे राहतात. एकच कुत्रा आत सोडतात, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून. वरून छोटं यंत्र फिरवलं की तो कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. मग जमिनीखालून दबलेलं भुंकणं येतं, कधी तुमच्या पायांखालूनच. चांगला टेरियर कोल्ह्यापासून हातभर लांब राहून भुंकत राहतो, अंगावर जात नाही. कंटाळून कोल्हा भलत्याच तोंडातून धुरासारखा आवाज न करता बाहेर येतो, क्षणभर थबकतो आणि सुटतो. इथेच शिस्त लागते. कुत्रा बहुधा त्याच्या मागोमाग बाहेर पडतो, म्हणून कोल्हा बिळापासून पुरेसा लांब गेल्याशिवाय आणि मागे मोकळी जमीन दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. कोल्हा सुटला तर सुटला. घाईघाईनं बार काढणारा मित्र असेल तर त्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

कोल्हीण मारली आणि पिल्लं आत राहिली तर ती भुकेनं मरणार, म्हणून उकरून त्यांनाही त्याच वेळी झटकन मारावं लागतं. सगळ्या प्रकारातला हा सगळ्यात वाईट भाग, आणि तो कुणी आधी सांगत नाही. यजमानांना हे सांगूनच होकार घ्या. पिल्लू पाळायचा विचार मनात आला तर व्हिक्टोरियात कोल्हा पाळता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे हाका. हिवाळ्यात सायप्रसच्या रांगा, नाल्याची झाडी अशा ठिकाणी माणसं आणि कुत्रे एका टोकानं आवाज करत निघतात, शॉटगनवाले दुसऱ्या टोकाला. वीस एकरांत त्याला जागा पुरत नाही, चारपाच शेतं मिळून करावा लागतो. त्यात माणसालाच गोळी लागण्याचा धोका जास्त, म्हणून केशरी जाकिटं सक्तीची करा आणि कोण कुठे उभं राहणार ते एकाच माणसानं ठरवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे शेजाऱ्यांनी नाही विचारलं तरी तुम्ही विचारा : आसपास कुणी टेन-एटी टाकलंय का? कोल्ह्यांसाठी आमिषात घालतात ते हे विष. मूळ रसायन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही रानझुडपांत आपोआप असतं, त्यामुळे तिथल्या बऱ्याच देशी प्राण्यांना ते पुष्कळ सोसतं. कुत्र्याला अजिबात सोसत नाही. एक आमिष पुरतं, विष खाऊन मेलेला कोल्हा चघळला तरी पुरतं, आणि त्यावर उतारा नाही. आमिष टाकणाऱ्यानं शेजाऱ्यांना आधी कळवायचं आणि पाट्या लावायच्या असा नियम आहे, पण तुमच्या टपालपेटीतली चिठ्ठी टेरियरवाल्या पाहुण्यांना दिसणार नाही. पीएपीपी नावाचं नवं आमिष २०१६ पासून मिळतं, त्यावर जनावरांच्या डॉक्टरकडे उतारा आहे, पण वेळेत पोचलात तर.

बाकी धोके थोडक्यात. बीळ वॉम्बॅटचं (बिळात राहणारा इथला जाडजूड देशी प्राणी) असेल तर कुत्रा सोडूच नका. तो संरक्षित प्राणी आहे, आणि आत शिरलेल्या कुत्र्याला पाठीनं छतावर दाबून मारू शकतो. ऊन पडायला लागलं की बिळांतून टायगर आणि ब्राउन जातीचे विषारी साप निघतात, म्हणून ऑक्टोबरनंतर हा खेळ बंद. कोल्ह्याची खरूज कुत्र्यांना लागते, तेव्हा मेलेला कोल्हा तुमच्या घरच्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. रेबीज मात्र या देशात कुत्र्याकोल्ह्यांत नाही, त्या एका बाबतीत आपल्याकडची भीती बाजूला ठेवायला हरकत नाही.

त्याच रेबीजमुळे कारवानीचं उत्तरही सोपं आहे : भारतातून ऑस्ट्रेलियात कुत्रा थेट आणता येत नाही, आधी मान्यताप्राप्त देशात मुक्काम घडवावा लागतो. आणला तरी कारवानी नजरेनं शिकार करणारा, धावणारा कुत्रा. त्याच्यासमोरून कोकरू पळालं तर तो कोल्हा आणि कोकरू असा भेद करत बसणार नाही. आणि गावाकडे सशामागे कारवानी सोडण्याच्या ज्या आठवणी खाली प्रतिसादांत रंगल्या आहेत, तो प्रकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपल्याकडे गुन्हा आहे.

आता उपयोग किती? तुमच्या वीस एकरांवरचं वापरातलं बीळ मोकळं झालं, तर या मोसमातल्या उरलेल्या कोकरांना नक्की फायदा. पण उन्हाळा संपता संपता इतरांकडची तरणी पिल्लं नवी जागा शोधत निघतात आणि रिकामी हद्द भरून जाते. व्हिक्टोरिया सरकारनं २०११ मध्ये कोल्ह्यामागे दहा डॉलरचं बक्षीस सुरू केलं, तरी कोल्हे आहेतच. फिलिप बेटावर पेंग्विनांसाठी दशकानुदशकं कोल्हे मारले. अखेर विष, बंदूक, कुत्रे सगळं एकत्र आणि सतत लावून २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. ते बेट होतं, यायला एक पूल. तुमच्या शेताला चारी बाजूंनी कोल्हे आहेत.

म्हणून शेजाऱ्यांशी बोलताना आणखी चार शेतांना त्यात ओढा, म्हणजे मेंढ्या विण्याच्या आधी सगळ्यांनी एकाच वेळी काही करता येईल. वॉरनंबूलजवळच्या मिडल आयलंडवर २००६ पासून पेंग्विनांच्या राखणीला मरेमा (कळप राखणारे मोठे इटालियन कुत्रे) ठेवले होते. मेंढ्यांतही ते उत्तम काम करतात, पण वीस एकरांत मरेमा रात्रभर भुंकतो आणि कुंपण मानत नाही, त्यामुळे जिल्ह्यात शत्रू करून घ्यायचे नसतील तर राखणीसाठी आधी अल्पाकाचा (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) विचार करा.

शेजाऱ्यांना पैसे देऊ नका, घेणारही नाहीत. दुपारी गरम काहीतरी खायला द्या. आणि पुढचं कोकरू गेलं तर खूर, मूत्रपिंड आणि मानेखालचं मांस यांचे फोटो इथे टाका, बघून सांगतो.