नागपूरहून चिखलदऱ्याला पहिल्यांदाच कार न्यायची आहे, घाट जमेल का?

जमेल. चढ अवघड वाटतो, पण खरी काळजी उतारावर घ्यायची. आपलं नागपूर सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर, त्यामुळे उतारावरही ब्रेकवरच पाय ठेवायची सवय लागते. चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे. परतवाड्याकडे उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसऱ्या, तीव्र वळणावर पहिल्या. वेग इंजिनच धरून ठेवतं. ब्रेक मधूनमधून, थोडा वेळच दाबा. न्यूट्रल किंवा इंजिन बंद करून उतरणं अजिबात नको, पेट्रोल वाचवायला तर मुळीच नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, रात्री डिपर. वळणावर ओव्हरटेक नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

जायच्या आधी एका सकाळी रामटेकच्या गडमंदिराच्या रस्त्यावर चढ-उतार करून बघा, हात बसेल. आणि मेळघाटचं जंगल आहे, अंधाराआधी पोहोचा.